शत्रूच्या राज्यातलं आपलं गाव, तेही कमी पैशात

प्रश्न: गणपतीला गावी येणारे आम्ही काही चाकरमानी आणि गावातली पोरं मिळून पिक्चर करतोय. कल्पना अशी की १९४२ साली जपानी सैन्य कोकणात उतरलं आणि आमचा गाव त्यांच्या ताब्यात गेला. पैसे जवळपास नाहीतच. रणगाडे, विमानं, लढाई यातलं काही दाखवता येणार नाही, मग असला पिक्चर कोण बघणार?
– एक वाचक, देवगड

उत्तर: रणगाडे नाहीत ते बरंच आहे, नाहीतर सगळा जीव त्यांच्यातच अडकला असता. शत्रू येतो ती गोष्ट दोन दिवसांची, खरी गोष्ट त्यानंतरची, म्हणजे सोमवारी सकाळी तलाठी ऑफिस उघडतो का आणि उघडलं तर शिक्का कोणाचा मारतो.

यातला सगळ्यात मोठा दाखला इंग्लंडचा आहे. केविन ब्राउनलो १८ वर्षांचा आणि अँड्र्यू मोलो १६ वर्षांचा, या दोन पोरांनी १९५६ ला 'इट हॅपन्ड हिअर' हा पिक्चर करायला घेतला, १९४० मध्ये जर्मनीने इंग्लंड जिंकलं असतं तर काय, ही कल्पना. शूटिंग बरंचसं सुट्टीच्या दिवशी, बहुतेक नट हौशी, फुकट काम करणारे, पैसे संपले की काम थांबायचं. पिक्चर पुरा व्हायला आठ वर्षं गेली आणि थिएटरला लागला १९६६ मध्ये. स्टॅन्ली क्युब्रिक या नामांकित दिग्दर्शकाने स्वतःच्या पिक्चरची उरलेली कच्ची फिल्म त्यांना दिली होती आणि शेवटी टोनी रिचर्डसन या इंग्रज दिग्दर्शकाने मदत केली म्हणून तो तडीस गेला.

आता त्यात आहे काय, तर एक नर्स. तिला राजकारण नको, फक्त आपलं काम करायचंय, पण नव्या राजवटीच्या संघटनेत नाव घातल्याशिवाय नोकरी मिळत नाही, म्हणून ती गणवेश घालते, मग ओळखीचे लोक तोंड फिरवतात, पुढे तिची बदली खेड्यातल्या एका शांत सुंदर हॉस्पिटलात होते आणि तिथे क्षयाच्या परदेशी मजुरांना आपण रात्री जी इंजेक्शनं दिली ती कसली होती हे तिला सकाळी कळतं. एवढंच. आणि हे दाखवायला लागतं काय, एक खाट, एक सुई आणि एक चांगली बाई. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो कारण तिच्या जागी आपण असतो तर आपणही तो गणवेश घातला असता हे मनातून माहीत असतं.

तुमच्याकडे तर साहित्य भरपूर आहे हो. १९४२ चं कोकण म्हणजे मुंबईहून येणारी मनीऑर्डर आणि आगबोट. गिरणीतला मुलगा पैसे पाठवणार तेव्हा घरात तांदूळ. जपान्यांनी किनारा घेतला की आगबोट बंद, पोस्टमास्तर रोज खिडकी उघडतो पण द्यायला काही नाही, आणि बाया तरी रोज येऊन उभ्या राहतात, हा सीन फुकटात होतो आणि त्यात सगळी लढाई आली. त्यात त्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला आणि तिकडचा तांदूळ इकडे यायचा बंद झाला ही तर खरीच गोष्ट. मग मच्छीमार. शत्रूचा पहिला हुकूम होड्यांचाच निघणार, प्रत्येक होडीला नंबर, पास असल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, दिवेलागणीच्या आत परत. आता तो पास लिहून देणारा जपानी नसणार, त्याला मराठी कुठे येतं, तो आपलाच कोणीतरी, अक्षर चांगलं असलेला, शेजारच्या वाडीतला. त्याने आपल्या भावाला आधी पास दिला की गावात काय होतं ते लिहा. खोताच्या ओटीवर अधिकारी राहायला आला आणि खोताची कुळं ते बघतायत, हेही आलंच पाहिजे, तेव्हा खोती होती.

आणि हे नुसतं कल्पनेतलं समजू नका, आपल्या देशाचा एक तुकडा खरोखर जपान्यांच्या ताब्यात होता. अंदमान त्यांनी २३ मार्च १९४२ ला घेतलं ते युद्ध संपेपर्यंत. सुरुवातीला इंग्रज गेले म्हणून बऱ्याच लोकांना बरंच वाटलं, पण पुढे हेरगिरीच्या संशयावरून पकडापकडी सुरू झाली, आणि डॉ. दिवाणसिंग कालेपानी, ज्यांनी जपान्यांशी बोलणी करून लोकांना सांभाळायचा प्रयत्न केला, ते त्यांच्याच छळात जानेवारी १९४४ मध्ये गेले. पटकथा लिहायच्या आधी हे वाचा. तुमच्या गावचा माणूसही पहिल्या दिवशी 'इंग्रज तरी गेला' म्हणणारच, त्याला तसं म्हणू द्या.

प्रश्न: काळ जुना वाटण्यासाठी कमी खर्चात काय करता येईल? गणवेश भाड्याने आणावेत का? किल्ल्यात शूटिंग करायचा विचार आहे.
– एक वाचक, मालवण

उत्तर: भाड्याचे गणवेश नको, सगळे वेगवेगळ्या मापाचे नि वेगवेगळ्या सैन्याचे मिळतात. पाचच सैनिक ठेवा पण पाचही गणवेश गावच्या टेलरकडून एका ताग्याचे शिवून घ्या, बटणं एकसारखी. वर सांगितलेला मोलो तेव्हा शाळकरी वयाचा, पण गणवेशाबाबत इतका काटेकोर की त्याने चुका दाखवल्यावर ब्राउनलोने आधी केलेलं शूटिंग सोडून नव्याने सुरुवात केली. तेवढी चिकाटी पाहिजे.

घरं तुम्हाला आयती आहेत, चिऱ्याची भिंत, कौलं, पडवी. त्रास होतो तो निळ्या ताडपत्रीचा, प्लॅस्टिकच्या पिंपांचा, फायबरच्या होड्यांचा आणि विजेच्या तारांचा. कॅमेरा जरा खाली ठेवून वरचं आकाश कापा म्हणजे तारा जातात, आणि जुनी लाकडी होडी एकच मिळाली तरी चालेल, तीच तीनदा दाखवा. मोबाइलवर शूट केलंत तरी हरकत नाही पण आवाजाला पैसे टाका, किनाऱ्यावरचा वारा माइकमध्ये घुसला की संवाद गेलाच समजा, त्यामुळे बोलण्याचे सीन शक्यतो माजघरात. नटांसाठी दशावतारवाल्यांना विचारा, एका बाकड्यावर दरबार उभा करतात ती माणसं, संवाद आयत्या वेळी सुचतो त्यांना. फक्त आवाज खाली आणायला सांगावं लागेल, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते.

किल्ल्याचा हट्ट सोडा असं माझं मत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग पुरातत्त्व खात्याकडे आहेत, परवानगीत वेळ आणि पैसा जातो, आणि किल्ला दिसला की बघणाऱ्याला शिवकाळच आठवतो. तुमचा शत्रू शाळेत मुक्काम टाकेल.

एक मात्र अगदी कळकळीने सांगते. गणवेश घातलेली, हातात लाकडी बंदुका घेतलेली माणसं होडीतून किनाऱ्यावर उतरणार असतील तर आधी पोलीस ठाण्यात आणि सागरी पोलिसांकडे लेखी कळवा, सरपंचांना सांगा, आदल्या दिवशी वाड्यावाड्यांत निरोप जाऊ दे. आपल्या किनाऱ्यावर याची गंमत होत नाही. आत्ताच्या सैन्याच्या गणवेशासारखं तर काहीही वापरू नका.

प्रश्न: आमच्या गोष्टीत गावातला एक माणूस शत्रूला मिळतो. गावातले ज्येष्ठ म्हणतात बदनामी होईल, काढून टाका. आणि तो माणूस एक भाषण करतो ते ठेवावं की नाही?
– एक वाचक, मुरूड

उत्तर: माणूस काढू नका, गावाचं नाव काढा, पाटीवरचंसुद्धा. त्यात कुणाचं खरं आडनावही नको. पण ज्येष्ठांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे ती ऐका. मिळालेला माणूस एकाच जातीचा किंवा एकाच धर्माचा दाखवलात तर तो पिक्चर शत्रूचंच काम करेल. मुरूडसारख्या ठिकाणी हिंदू, मुसलमान, कोळी सगळे शेजारी राहतात, तर मिळणारेही सगळ्यांतले आणि नाही म्हणणारेही सगळ्यांतले असू देत, कुणी भीतीपोटी, कुणी पोरांच्या भुकेपोटी, कुणी जुन्या बांधाच्या भांडणाचा सूड म्हणून.

भाषणाचं म्हणाल तर ब्राउनलो-मोलोंवर हीच वेळ आली होती. त्यांनी इंग्लंडमधल्या खऱ्या नाझी विचारांच्या माणसांनाच कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं, त्यावर ज्यू लोकांनी आक्षेप घेतला, वितरकाने तो भाग कापायला लावला आणि तो परत जोडला गेला बऱ्याच वर्षांनी. आक्षेप घेणाऱ्यांचं दुखणं खरं होतं, विष उघड्यावर ओतलं की कुणीतरी ते पिणारच. तरी मी म्हणेन ठेवा. गुळगुळीत, गोड, पटेल असं बोलू दे त्याला, दात विचकणारा खलनायक करू नका. फक्त कॅमेरा त्याच्यावर कमी आणि ऐकणाऱ्यांवर जास्त ठेवा, कोण मान डोलावतो, कोण पोराचा हात धरून उठतं, आणि ते भाषण शाळेत वर्गापुढे करायला लावा. मुलं खरी घ्या पण पालकांना आधी सगळं नीट सांगून.