पोर्तुगालचे जनरल रामाल्यो इयानिश राजकारणात कसे आले?

थोडक्यात सांगायचं तर, एका दिवसाने त्यांना तिथे नेलं. तो दिवस २५ नोव्हेंबर १९७५.

त्याआधी ते साधे लष्करी अधिकारी. तरुणपणी गोव्यात नेमणूक, मग आफ्रिकेतल्या वसाहतींतली युद्धं. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला हुकूमशाही कोसळली तेव्हा ते अंगोलात होते. पुढच्या वर्षी डाव्या विचारांच्या छत्रीधारी सैनिकांनी हवाई तळ ताब्यात घेतले. देश यादवीच्या तोंडावर होता. इयानिश यांनी आखलेल्या कारवाईत कमांडो उतरले आणि बंड मोडलं. काळा चष्मा, लांब कल्ले, चेहऱ्यावर हसू नाही, असा हा माणूस लोकांच्या मनात ठसला तो तेव्हाच.

१९७६ मध्ये सुमारे ६१ टक्के मतं घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९८० मध्ये पुन्हा निवडून आले. मला सगळ्यात मोठी वाटते ती १९८२ ची घटनादुरुस्ती मान्य करण्याची गोष्ट. तिने लष्करी अधिकाऱ्यांची क्रांती परिषद बरखास्त झाली, शिवाय राष्ट्राध्यक्ष म्हणून इयानिश यांचे स्वतःचे अधिकारही कमी झाले. १९८६ मध्ये त्यांनी मारिओ सोआरिश यांच्याकडे पद सोपवलं. नंतर पक्ष चालवून पाहिला, पण १९८७ च्या निवडणुकीत तो आपटला.