सत्तरी मतदारसंघ गेला कुठे?

प्रश्न : माझे वडील सांगतात, त्यांनी पहिलं मत ‘सत्तरी’ मतदारसंघात दिलं होतं. मी केरीचा, माझं नाव ‘१८ - पर्ये’च्या यादीत. बहीण उसगावात दिली आहे. तालुका फोंडा, पण ती मत देते वाळपईच्या आमदाराला. मग सत्तरी मतदारसंघ गेला कुठे?
(एक वाचक, केरी-सत्तरी)

उत्तर : वडिलांची आठवण पक्की आहे. सत्तरी तालुका जागच्या जागी आहे. मोडला तो मतदारसंघ, १९८९ साली.

गोवा मुक्त झाल्याबरोबर काही मतपेट्या आल्या नाहीत. १९६२ मध्ये सरकारने नेमलेलं २९ जणांचं सल्लागार मंडळ होतं, तेवढ्यावर भागलं. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा एकूण जागा ३०. त्यातल्या २८ गोव्याच्या, दमण नि दीवला एकेक. जंगल जास्त नि वस्ती विरळ, म्हणून अख्ख्या सत्तरीला मिळून आमदार एकच.

३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झालं. दमण-दीव वेगळे झाले. राज्याच्या विधानसभेत किमान ६० आमदार हवेत, असं घटना सांगते. आपल्याला तेवढे परवडणारे नव्हते, तेव्हा गोव्यापुरतं ३७१-आय हे कलम घालून ती अट ३० वर आणली. प्रत्यक्षात ४० जागा ठरल्या. २८ चे ४० करायचे तर जुने मतदारसंघ फोडावेच लागतात. सत्तरीचे दोन झाले, पर्ये आणि वाळपई. नोव्हेंबर १९८९ ची निवडणूक या नव्या आखणीवर झाली.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून. गावागावांच्या याद्या उसवायच्या, कुठलं गाव कुठल्या गठ्ठ्यात ते बघायचं आणि दाभणाने पुन्हा शिवायच्या, हे काम आमच्या टेबलावर आलं. केरी, मोर्ले, होंडा, पिसुर्ले एका ढिगात. गुळेली, नगरगाव दुसऱ्या. लोक येऊन विचारत, “म्हणजे आतां आमचो आमदार वेगळो?” पर्येवाल्यांना आम्ही सांगायचो, थांबा, निकाल लागू दे.

निकाल लागला तो जुनाच. प्रतापसिंह राणे १९७२ मध्ये मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंह या चिन्हावर सत्तरीतून पहिल्यांदा निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, १९८० च्या जानेवारीत मुख्यमंत्री झाले. १९८९ मध्ये मतदारसंघाचं नाव पर्ये झालं तरी आमदार तेच राहिले, ते २०१७ च्या निवडणुकीपर्यंत. ओळीने ११ विजय. तुमच्या वडिलांचा आणि तुमचा मतदारसंघ वेगळा असला तरी बराच काळ दोघांचा आमदार एकच होता, हे त्यांना सांगून बघा.

२०२२ मध्ये काँग्रेसने त्यांचं नाव जाहीर केलं होतं, पण ते लढले नाहीत. त्या जागेवर भाजपतर्फे त्यांच्या सूनबाई डॉ. दिव्या राणे १३,९४३ मतांच्या आघाडीने आल्या. दुसऱ्या क्रमांकावर आपचे विश्वजित राणे. दचकू नका, हे वेगळे. दिव्याबाईंच्या यजमानांचंही नाव विश्वजित राणे, आणि ते शेजारच्या वाळपईचे आमदार.

आता बहिणीचं उसगाव. मतदारसंघ आखताना आयोग लोकसंख्येची तोंडमिळवणी करतो. तालुक्याची वेस आडवी आली तर ती ओलांडतो. उसगाव-गांजे पंचायत महसुलाला फोंड्यात, मताला वाळपईत. दाखला हवा तर फोंडा, रस्त्यासाठी गाऱ्हाणं घालायचं तर वाळपईचा आमदार. नावांचंही काही खरं नसतं. शेजारचा पाळी मतदारसंघ घ्या. २०१२ पासून पाळी हे नाव यादीतून गेलं आणि साखळी आलं. पाळीच्या माझ्या व्याह्यांनी ते अजून मनाला लावून घेतलंय.

प्रश्न : वाळपईत मधेच पोटनिवडणुका का झाल्या? पक्ष बदलणारे बाकीचे आमदार तर सरळ खुर्चीवर बसून राहतात.
(कॉलेज विद्यार्थिनी, होंडा)

उत्तर : प्रश्न झकास आहे. विश्वजित राणे २००७ मध्ये अपक्ष म्हणून आले. अपक्ष आमदाराने नंतर एखादा पक्ष धरला तर पक्षांतर कायद्याने तो अपात्र ठरतो. म्हणून राजीनामा, आणि २०१० मध्ये काँग्रेसच्या हातावर पोटनिवडणूक. २०१७ मध्ये काँग्रेसतर्फे जिंकून लगेच राजीनामा, नि ऑगस्टमध्ये भाजपच्या कमळावर पुन्हा विजय. चिन्हं तीन, मतदार तेच. सत्तरीत मत घराण्याला पडतं, चिन्ह नंतर बघतात, असं माझं मत आहे. पटत नसेल तर लिहा.

खुर्चीवर बसून राहणाऱ्यांची वाट निराळी. विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश आमदार एकदम गेले तर कायदा त्याला ‘विलीनीकरण’ म्हणतो आणि आमदारकी शाबूत राहते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी हेच केलं, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. एकट्याने गेलात तर मतदारांपुढे पुन्हा हात जोडायचे. दहाजण मिळून गेलात तर तेवढेही कष्ट नाहीत.