बेरियम +४ का नाही, आणि शेंदुरातलं ते ८/३

ताई, तुम्ही विचारलंत की ऑक्सिडेशन नंबर (म्हणजे संयुगात एकेका अणूच्या नावावर धरलेला प्रभार) काढताना मुलाला बेरियम पेरॉक्साइडमध्ये बेरियम +४ आणि शेंदुरात, म्हणजे शिशाच्या लाल ऑक्साइडमध्ये, शिसं ८/३ कसं येतं. त्याची बेरीज-वजाबाकी चुकलेली नाहीये, आधी हे त्याला सांगा. बेरियम पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन दोन, प्रत्येकी -२ धरले की बेरियमला +४ येणारच. घोळ आहे तो ऑक्सिजनला डोळे झाकून -२ देण्यात. मी पण बारावीला असेच मार्क घालवलेत.

माझी सवय अशी की जो धातू शोधायचाय त्याच्याकडे आधी बघायचंच नाही. संयुगाचे आयन, म्हणजे प्रभार असलेले तुकडे, सुटे करायचे, ऋण आयनावर प्रभार किती ते आठवायचं आणि हिशोब शून्य व्हायला जे कमी पडतं ते धातूच्या नावावर टाकायचं. मोरचूद घ्या, म्हणजे कॉपर सल्फेट, सल्फेट -२ म्हणून कॉपर +२, संपलं, सल्फरचा +६ वगैरे काढत बसायची गरजच नाही आणि सोबतचे पाण्याचे ५ रेणू मिळून शून्यच. तुरटीत दोन सल्फेटचे -४, पोटॅशियमचा +१, मग ॲल्युमिनियमला +३ शिवाय पर्याय नाही.

आता बेरियम. आवर्तसारणीतला सोडियम-पोटॅशियमवाला पहिला गण संयुगात +१, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम हा दुसरा गण +२, हे पाठच पाहिजे. बेरियमच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉनच दोन, ते गेले की आत झेनॉनसारखी भरलेली रचना, तिथून आणखी दोन कुठून काढणार? म्हणून बेरियम +२ पक्का, आणि दोन ऑक्सिजन मिळून -२, म्हणजे एकेकाला -१. हाच पेरॉक्साइड आयन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनारने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं तेही बेरियम पेरॉक्साइडवर ॲसिडची क्रिया करूनच. लेड डायऑक्साइडचा फॉर्म्युला दिसायला अगदी तसाच, पण तिथे ऑक्सिजन खरोखर -२ आणि शिसं +४, कारण शिशाकडे बाहेर ४ इलेक्ट्रॉन आहेत. म्हणून म्हणतो, आकडे बघायच्या आधी नाव वाचा!

दुसरा प्रश्न शेंदुराचा. ३ शिसं, ४ ऑक्सिजन, -८ भागिले ३, म्हणून ८/३. उत्तर बरोबर आहे पण ती सरासरी आहे, ८/३ चा एकही अणू तिथे सापडणार नाही. दोन शिसं +२ आणि एक +४, बेरीज ८. याचा पुरावा पण मस्त आहे, शेंदुरावर सौम्य नायट्रिक ॲसिड टाकलं की +२ वालं शिसं लेड नायट्रेट होऊन विरघळतं आणि +४ वालं तपकिरी लेड डायऑक्साइड होऊन खाली राहतं. (लॅबमध्येच, घरी नको, शिसं विषारी आहे.)

गंमत म्हणजे मॅग्नेटाइट या लोहाच्या खनिजातही ३ लोह ४ ऑक्सिजन, तेच ८/३, पण वाटणी उलटी, एक +२ आणि दोन +३. शिशाला +२ आणि +४ मानवतात, लोहाला +२ आणि +३. म्हणजे नुसत्या भागाकारावरून वाटणी कळत नाही, धातूचा स्वभाव माहीत असावा लागतो. परीक्षेत ८/३ लिहिलं तर शेजारी 'सरासरी' लिहायला सांगा.

आता त्याला पोटॅशियम सुपरऑक्साइड द्या, एक पोटॅशियम आणि दोन ऑक्सिजन, आणि या वेळी अपूर्णांक कुणाच्या वाट्याला येतो ते विचारा.