पिनो मिसळलेली ब्लॉंड एल चवीला कशी असते, आणि घरी गोव्याची पोर्ट घालून तशी करता येईल का?

गोड असते, आणि तुमच्या अंदाजापेक्षा जास्तच. (ब्लॉंड एल म्हणजे फिकट सोनेरी बिअर, पिनो म्हणजे गोड फ्रेंच वाइन.) फ्रान्सहून आलेल्या बाटलीवर ‘ब्लॉंड एल, पिनो द शारांतसह’ असं छापलंय आणि घरच्यांना बिअरचा कडवटपणा आवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना पहिला घोट नक्की आवडेल. ग्लास संपेपर्यंत आवडत राहील का, याबद्दल मला शंका आहे.

मी कामानिमित्त ब्रसेल्सला राहतो, त्यामुळे बेल्जियन ब्लॉंड हाताशी असते आणि पिनोही सहज मिळते. तयार मिश्रण मी प्यायलो आहे आणि घरीही वेगवेगळ्या प्रमाणात करून पाहिलंय.

आधी पिनोबद्दल, कारण सगळा खेळ तिचा आहे. कोन्याक ही ब्रँडी जिथे बनते त्याच फ्रान्सच्या शारांत भागातली ही वाइन. ताज्या द्राक्षरसाला फसफसू न देता त्यात कोन्याकची स्पिरिट घालतात, साधारण तीन भाग रसाला एक भाग. मद्यार्क एवढा चढला की यीस्टचं काही चालत नाही आणि द्राक्षाची जवळपास सगळी साखर तशीच राहते. मग ओकच्या पिंपात मुरवण. १५८९ साली कुणा शेतकऱ्याने रिकामं समजून कोन्याकच्या पिंपात रस ओतला आणि काही वर्षांनी ही वाइन सापडली, अशी दंतकथा तिकडे सांगतात. अशा दंतकथा प्रत्येक दारूच्या गावी असतात, पण ऐकायला बरी आहे. पोर्ट या पोर्तुगीज वाइनमध्ये स्पिरिट फसफसणं अर्ध्यावर आलं की घालतात, फिनो शेरी या स्पॅनिश वाइनमध्ये ते पूर्ण झाल्यावर. म्हणून शेरी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, पोर्ट गोड आणि पिनो थेट रसासारखी. मद्यार्क मात्र साधारण १७ टक्के. (पिनो न्वार नावाच्या द्राक्षाशी हिचा संबंध नाही, दुकानात गोंधळ होतो.)

आता ग्लासात काय होतं ते. नाकाला आधी बेल्जियन यीस्टचा वास येतो: पिकलेलं केळं, थोडी लवंग. त्याच्या मागून मध, मनुका आणि जुनी पिनो असेल तर अक्रोड. जिभेवर आधी बुडबुडे टोचतात, मग मध्यावर गोडवा फुगतो. नेहमीच्या बिअरमध्ये इथे हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा येऊन तोंड साफ करतो. इथे तो येत नाही, त्याच्या जागी घशात कोन्याकची ऊब येते. थंड असेपर्यंत हे फार छान लागतं. कोमट झालं की ओठांना चिकटायला लागतं, गुलाबजामाचा उरलेला पाक असावा तसं.

माझं मत असं की ब्लॉंड मुळातच गोडसर असेल तर पिनो तिला जड करते. लेफ ब्लॉंड ही बेल्जियन बिअर (मद्यार्क ६.६ टक्के) घ्या: ३०० मिलिलिटरला ३० मिलिलिटर पिनो घातली की वासाला बहार येते, ५० घातली की कॉकटेल झालं, बिअर उरली नाही. याउलट ड्यूव्हल या बेल्जियन बिअरसारखी कोरडी, बुडबुड्यांनी भरलेली बिअर हा गोडवा पेलते. तिच्यात घातलेली साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, म्हणून ८.५ टक्के असूनही ती हलकी लागते. पण हिशेब करा: तिच्या ३०० मिलिलिटरमध्ये ३० पिनो घातली की मिश्रण सव्वानऊ टक्क्यांच्या वर जातं, आणि चव सरबताची. ज्यांना बिअरची सवय नाही त्यांनाच हे सगळ्यात लवकर चढतं. एका बाटलीत दोघं, असंच ठेवा.

घरी करताना पिनो आधी ओता, वरून ग्लास तिरका धरून बिअर. ढवळू नका, बुडबुडे स्वतःच मिसळतात. ब्रुअरीला हे इतकं सोपं नसतं. जिवंत यीस्ट असलेल्या बाटलीत एवढी साखर गेली तर ते पुन्हा कामाला लागतं आणि बाटली फुटू शकते. त्यामुळे यीस्ट गाळून किंवा पाश्चराइज करून बाटली भरावी लागते, नाहीतर वाइन आधी बिअरच्या टाकीतच घालून तिची साखर यीस्टला पुरती खाऊ द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात गोडवा बराच जातो आणि मला तीच जास्त आवडते. तुमची कोणती ते पहिल्या घोटालाच कळेल.

फ्रिजमधून काढून दहाएक मिनिटांनी उघडा. सोबत खारं काहीतरी हवंच. शारांतमध्ये पिनोबरोबर खरबूज खातात, रोकफोर चीजही जमतं. आपल्याकडे खारे काजू चालतील. तांबड्या रश्श्याच्या वाटेला मात्र जाऊ नका, एवढ्या मद्यार्काने तिखट आणखी भडकतं.

गोव्याच्या पोर्टचं विचारलंत. युरोपच्या नियमानुसार पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यातलीच, त्या भागाची हद्द १७५६ सालीच आखायला घेतली होती. गोव्यात पोर्ट म्हणून मिळते ती बहुतेक लाल आणि गोड. लाल वाइनचा तुरटपणा ब्लॉंडच्या कडवटपणाशी भांडतो आणि रंगही गढूळ तांबूस होतो. पांढरी पोर्ट मिळाली तर जरूर करून पाहा. बिअर घेताना लेबल वाचा: नावात ब्लॉंड असलं तरी ती लागर (थंडीत आंबवलेली, साध्या वासाची बिअर) असू शकते, आणि लागरमध्ये तो केळ्या-लवंगेचा वास नसतो. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत बेल्जियन पद्धतीची एल मिळाली तर तिच्यापासून सुरुवात करा, आणि वाइन चमच्याने मोजून घाला.