गारांची भांडारं

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

तुझा मेसेज रात्री अकराला आला. चष्मा शोधून दोनदा वाचला. एवढं उत्तर फोनवर टाइप करायचं म्हणजे माझी बोटं संपावर जातील, म्हणून कागदावर लिहितोय; नातू फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

गारपिटीत द्राक्षबाग गेल्याचं तुझ्या पप्पांकडून कळलं होतं. पण गारा थांबल्यावर ते बागेत जाऊन काय करत होते, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. व्यापारी ठरलेला, चार दिवसांवर काढणी, सगळीकडे मण्यांचा सडा पडलेला, आणि हा माणूस एकच घड हातात धरून कात्रीनं त्यातले तडकलेले मणी एकेक करून काढतोय. तू लिहिलंस, 'मी हाक मारली तरी त्यांनी वर बघितलं नाही.'

आणि त्यानंतरच्या रविवारी पुण्याच्या तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुझ्याकडे माइक. देवाच्या थोरवीचं गाणं, सगळ्यांचे हात वर, आणि तुझ्या तोंडून शब्द फुटेना. उपासना संपल्यावर कुणीतरी तुला बाजूला घेऊन सांगितलं की देव महान आहे, त्याला प्रश्न विचारणं हा गर्व. आता तू मला विचारतेस, हा गर्व आहे का, आणि मी गाण्याच्या टीममधून बाहेर पडू का.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढ. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या मुलांच्या शाळेत, मी तुम्हाला त्याची गोष्ट सांगायचो ती सुरुवातीची आणि शेवटची: गुरं गेली, मुलं गेली, फोड आले, मग सगळं परत मिळालं. मधले पस्तीसेक अध्याय आम्ही गुरुजी लोक उडी मारून जायचो. खरं पुस्तक तिथंच आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग बोलायला लागले. त्यांची भाषणं नीट वाच. देव थोर आहे, त्याची गहनता कुणाला कळणार, तो पाऊस पाडतो, तो न्यायी आहे. यातलं एकेक वाक्य सुटं काढलं तर कुठल्याही रविवारच्या संदेशात चालेल. आणि ईयोब? तो भांडतो. देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. जन्मलो तो दिवस जळो म्हणतो.

शेवटी निकाल काय लागतो ते बेचाळिसाव्या अध्यायात आहे. देवाचा राग मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो, आणि वर सांगतो की ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील, मग मी ऐकेन. मला याचा अर्थ लागायला बरीच वर्षं गेली. ते तिघं देवाविषयी बोलत होते. देवाशी बोलला तो एकटा ईयोब. त्यांच्या हातात देवाची थोरवी म्हणजे काठी झाली होती.

ती काठी मीही चालवली आहे. तिशीत होतो, मंडळीचा नवा पंच, वचनं तोंडपाठ. एका घरी लहान मूल गेलं होतं. मी जाऊन मोठ्या आवाजात वाचलं: परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम. त्या मुलाची आई उठली, आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. भांडी आधीच घासलेली होती, मी येताना पाहिली होती, ओट्याजवळ पालथी घातलेली. ते वाक्य ईयोबानं स्वतःच्या मुलांविषयी, स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, दुसऱ्याच्या दारात जाऊन नाही. हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. हा गर्व नाही. वधस्तंभावर प्रभू येशूनं मारलेली हाक 'का' अशीच होती. तू माझा त्याग का केलास? मात्र तिच्या आधी 'माझ्या देवा, माझ्या देवा' आहे. ही दोन्ही टोकं धरून ठेव. प्रश्न विचारायचा तर त्यालाच विचारायचा, त्याच्या पाठीमागे नाही. एवढं मात्र सांगतो, तक्रारीलाही चटक लागते. काही माणसं आयुष्यभर एकाच गाऱ्हाण्यावर बसून राहतात आणि उत्तर आलं तरी उठत नाहीत. ईयोब उठला.

त्याला उत्तर काय मिळालं? तुझ्या दुःखाचं कारण अमुक, असं एक अक्षर नाही. अडतिसाव्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो आणि नुसते प्रश्न विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? कृत्तिका तुला बांधता येतील का, मृगशीर्षाचे बंध सोडता येतील का? रानबकऱ्या कधी वितात, ठाऊक आहे? आणि त्यातच तो तुला टोचणारा प्रश्न: गारांची भांडारं तू पाहिली आहेस का? तू लिहिलंस, 'सर, ती ओळ वाचून मी बायबल मिटून ठेवलं.' मी असतो तर मीही मिटलं असतं. पुढच्या ओळीत तर त्या गारा संकटाच्या वेळेसाठी राखून ठेवल्या आहेत असं आहे. त्या ओळीचा गोड अर्थ काढून मी तुला देणार नाही. मला ती आजही गिळता येत नाही.

पण थोडं पुढे जा. जिथं माणूस राहत नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो, असं देव विचारतो. द्राक्षवाल्याच्या पोरीला हे वाक्य जितकं कळेल तितकं शहरातल्या विद्वानाला कळायचं नाही. आपल्याला वाटतं पाऊस म्हणजे आपला हिशोब: वेळेवर आला तर आशीर्वाद, अवकाळी आला तर शिक्षा. मित्रांचंही तेच गणित होतं, आणि खरं सांगायचं तर ईयोबाचंही. देव त्याला दाखवतो की हे जग तुझ्या खातेवहीपेक्षा फार मोठं आहे. कुणी बघत नाही तिथंही तो गवत उगवतो, कावळ्याच्या पिलांना चारा घालतो. हे ऐकून ईयोब तोंडावर हात ठेवतो. त्या हातात मला भीती कमी आणि सुटका जास्त दिसते. आपलं काय चुकलं म्हणून तुझे पप्पा रात्र रात्र जागतायत ना? त्यांना हा भाग वाचून दाखव. त्यांच्या पापाची पावती म्हणून गारा पडल्या, असं या पुस्तकात कुठंच म्हणता येत नाही. तसं म्हणणाऱ्यांनाच प्रायश्चित्त करावं लागलं.

नम्रता मला इतकीच कळली आहे, आपलं माप ओळखणं. भरवसा त्याहून अवघड. त्याविषयी मी स्वतःचं सांगत नाही, पंडिता रमाबाईंचं सांगतो. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच 1882 साली नवरा पटकीनं गेला. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896 चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. दुष्काळानं जिचं घर खाल्लं, ती दुष्काळातच परत गेली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होती, तर 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा वारली. त्यानंतरही भाषांतराचं काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. देवानं हे का केलं, याचं उत्तर त्यांना मिळालं की नाही, कोण जाणे. काम मात्र रोज होत होतं.

आता गाण्याचं. टीम सोडू नकोस, पण या महिन्यात माइक दुसऱ्याला दे आणि मागच्या ओळीत उभी राहा. हात वर गेला नाही तर जाऊ दे. तुमच्या त्या ड्रमच्या आवाजात देवाला कमी ऐकू येतं अशातला भाग नाही. (ड्रमवर माझा राग नाही, कानावर आहे.) स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते कोरहाच्या पुत्रांचं, म्हणजे मंदिरातल्या गवयांचंच, आणि ते अंधारात संपतं. शेवटी उजेड नाही, हालेलूया नाही. तरी ते उपासनेच्या गीतांत ठेवलं गेलं. तुमच्या टीमलाही ते कधीतरी वाचायला सांग. आणि गुडघे टेक, रोज, दोन मिनिटं का होईना. मन येत नसेल तेव्हा शरीराला पुढे पाठवायचं, ही माझ्या आईची रीत. ती बाजरीच्या खळ्यावरही टेकायची.

हॉस्टेलच्या गच्चीवर जाता येतं का? सध्या अंधार पडला की पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो, त्याच्या वर मृग आणि त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. दहा मिनिटं बघ. फोन खोलीत ठेवून जा.

एप्रिलमध्ये खरड छाटणी असेल. पप्पा म्हणाले, मजूर मिळायची खात्री नाही आणि हातात पैसाही नाही, पण छाटणी करायचीच. सगळी वेल बोडकी करायची आणि पुढच्या वर्षीच्या घडांसाठी काडी तयार करायची. बायबलमधल्या हबक्कूकच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असं आहे. ते त्यांना म्हणून दाखवायची घाई करू नकोस. सुट्टी काढून घरी जा, दुसरी कात्री घे आणि शेजारच्या ओळीला लाग. त्यांना स्वतःहून काही गुणगुणावंसं वाटलं, तर तू दुसरा आवाज धर.

मीही येईन म्हणतो. कात्री चालवणं आता जमत नाही, पण चहा नेऊन देईन.

तुझा,
गुरुजी