खेळणी काढायचा ठराव येतोय? आधी देखभालीचा कागद मागा

प्रश्न असा आहे: "आमच्या वस्तीतल्या मुलांच्या मैदानातली सगळी खेळणी काढून टाकायचा विषय नगरपालिकेच्या पुढच्या सभेत येतोय. खेळणी धोकादायक झाली आहेत आणि दुरुस्तीला निधी नाही, असं कारण दिलंय. आम्ही दहा-बारा पालक आहोत. काही करता येईल का?"

हो, करता येईल, आणि दहा-बारा पालक पुष्कळ झाले. आम्ही सहा जणी होतो. आमच्याही मैदानाचा विषय सभेपुढे आला तेव्हा हीच दोन कारणं होती. आम्ही आधी जे केलं ते चुकलं, म्हणून तिथूनच सांगते. आम्ही सह्या गोळा केल्या, मुलांनी काढलेली चित्रं जोडली आणि मैदान वाचवा म्हणून निवेदन दिलं. निवेदनाची पोच मिळाली, सगळ्यांनी गोडीने ऐकून घेतलं, आणि तरी विषय दोन मिनिटांत मंजूर व्हायच्या बेतात होता. मैदान नको असं त्या सभागृहात कुणाचंच म्हणणं नव्हतं. पण त्यांच्यापुढच्या टिप्पणीत, म्हणजे विषयासोबत विभागाने लिहून दिलेल्या टिपणात, धोका आणि निधी हेच दोन मुद्दे होते, आणि आमच्या निवेदनात त्यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं. एका सदस्यांनी स्थळपाहणी करून घ्या म्हणत विषय पुढच्या सभेवर ढकलला, म्हणून आम्हाला महिना मिळाला.

त्या महिन्यात मी अंदाजपत्रक वाचायला शिकले. मैदानाचा पैसा दोन वेगवेगळ्या खिशांतून येतो. नवीन खेळणी बसवणं हा भांडवली खर्च. त्याला वरच्या सरकारचं अनुदान मिळतं, सदस्यांचा निधी मिळतो, देणगीदार मिळतो, फीत कापली जाते. साखळीचा झिजलेला दुवा बदलणं, नट आवळणं, वाळू पुन्हा भरणं हा महसुली खर्च. तो दरवर्षी नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो उद्यानांच्या देखभाल-दुरुस्तीच्या एका मोठ्या लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ओळीत) गवतकापणी, दिवे, पाणी, पहारा यांच्यात मिसळून गेलेला असतो. खेळण्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण कुणी ते वेगळं मोजलेलंच नसतं. खेळणी एका दिवसात धोकादायक होत नाहीत. पाच-सहा वर्षं त्यांच्यावर काही खर्च झाला नाही, की शेवटी 'धोकादायक' हा शेरा येतो.

हे फक्त तुमच्या-माझ्याकडे घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये 2008 साली सरकारने मुलांच्या खेळासाठी 23.5 कोटी पौंड जाहीर केले. तीन वर्षांत 3,500 मैदानं नवी करायची किंवा सुधारायची होती. 2010 मध्ये सरकार बदललं, खर्चकपात आली आणि त्या पैशावरची 'यासाठीच वापरायचा' ही अट काढून घेण्यात आली. तोवर जी मैदानं उभी राहिली होती त्यांची देखभाल स्थानिक संस्थांच्या गळ्यात पडली. पुढच्या दशकात तिथल्या अनेक संस्थांनी देखभाल झेपत नाही म्हणून मैदानं बंद केली. पैसा एकदाच येतो आणि खर्च दरवर्षी येतो, हे आधी मांडलेलं नसलं की असं होतं.

तेव्हा तुमचा पहिला अर्ज देखभालीच्या कागदांसाठी असू द्या. गेल्या पाच वर्षांत या मैदानातल्या खेळण्यांवर दरवर्षी किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला? खेळणी कधी बसवली, कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी (म्हणजे दोष निघाल्यास त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती होता, आणि त्या काळात त्याला दुरुस्तीसाठी कधी पत्र गेलं का? 'धोकादायक' हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला, ती कुणी केली, कोणत्या तारखेला? माहिती मागण्याचा कायदा असेल तर त्याखाली मागा, नाहीतर साधा अर्ज करून पोच घ्या. आम्हाला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते एवढंच: "दृश्य पाहणीवरून". तपासणीची नोंदवही नव्हतीच. नोंदवही नाही हे लेखी उत्तर सभेत आमच्या सगळ्या सह्यांपेक्षा जास्त कामाला आलं.

अशी नोंदवही ही काही फार मोठी अपेक्षा नाही. युरोपात खेळण्यांसाठी ईएन 1176 हे मानक आहे. त्यात तीन पातळ्यांची तपासणी सांगितली आहे: वरचेवर नुसती नजरेने, एक ते तीन महिन्यांनी झीज आणि मजबुती बघणारी, आणि वर्षातून एकदा मुख्य. तुमच्या देशात ते मानक बंधनकारक नसेलही, पण 'असं काही आपल्याकडे ठरलेलं आहे का' हा प्रश्न तुम्ही नक्कीच विचारू शकता.

आता धोक्याबद्दल, कारण इथे पालक एक तर घाबरतात किंवा कारण खोटं आहे असं धरून चालतात. दोन्ही करू नका. स्वतः जाऊन मोजा. मी शाळेतली तीस सेंटीमीटरची पट्टी घेऊन गेले होते. झोपाळ्याखाली गुडघे टेकून बसले आणि वाळूत पट्टी खुपसली. कडेला ती वीसपर्यंत सहज गेली. बरोबर मधोमध, जिथे मुलं पाय घासत थांबतात, तिथे चार सेंटीमीटरवर खटकन कडक जमीन लागली. वाळू पायांनी उडून कडेला साचली होती आणि मध्ये वाटीसारखा खड्डा झाला होता. घसरगुंडीच्या तोंडाशीही तेच. मैदानात मुलांना होणाऱ्या दुखापतींत पडण्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि पडल्यावर किती लागेल हे खाली काय आहे त्यावर ठरतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत सुमारे 23 सेंटीमीटर वाळू फक्त 1.2 मीटर उंचीवरून पडण्यापुरती पुरेशी धरली आहे. तेवढाच लाकडी चिप्सचा थर सुमारे 3 मीटरपर्यंत चालतो. म्हणजे आमच्याकडे नवीन वाळूसुद्धा उंच घसरगुंडीला कमीच पडत होती. पण झोपाळ्याचा प्रश्न झोपाळा उखडून सुटणारा नव्हता. कडेची वाळू फावड्याने मध्ये ओढून वर थोडी नवी टाकली की तो सुटत होता.

पट्टी असतेच हातात, तर कठड्याच्या गजांमधली आणि शिडीच्या पायऱ्यांमधली फटही मोजा. साधारण 9 ते 23 सेंटीमीटरची फट वाईट: मुलाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. आमच्या गोल फिरणाऱ्या शिडीत अशी फट होती, शिवाय तिचा एक खांब बुडाशी गंजून बोटाने दाबला तरी पापुद्रे निघत होते. ती काढायलाच हवी असं आम्ही स्वतः लिहून दिलं. याचा फायदा असा झाला की बाकीच्या खेळण्यांबद्दलचं आमचं म्हणणं अभियंत्यांनी मनावर घेतलं. प्रत्येक खेळण्याला एक ओळ, तीत तीनपैकी एक शब्द, ठेवा, दुरुस्त करा, काढा, आणि शेजारी फोटो. एक पान झालं.

काढायचं ते काढा, पण त्या जागी काय आणि कधी येणार हे त्याच ठरावात लिहून घ्या. टोरांटोत नवं सुरक्षा मानक आल्यावर तिथल्या सार्वजनिक शाळा मंडळाने 2000 साली शंभराहून जास्त शाळांतली खेळणी उखडली. जिथे मानकाप्रमाणे नवी बसवली तिथे मुलांच्या दुखापती कमी झाल्या, असं 2005 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं. हे चांगलंच झालं. पण नव्या खेळण्यांचा पैसा उभा राहीपर्यंत कित्येक शाळांची अंगणं ओकी पडून राहिली. लहान मुलाची दोन वर्षं म्हणजे त्याचं खेळायचं निम्मं वय, हे सभेत जरूर बोलून दाखवा.

निधी नाही या मुद्द्यावर माझं ठाम मत आहे: महागडा रंगीत संच हीच मैदानाची व्याख्या धरली तर निधी कधीच पुरणार नाही. ॲम्स्टरडॅमने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत काय केलं ते बघा. 1947 मध्ये तिथल्या महापालिकेच्या नगररचना विभागात आल्डो व्हॅन आयक हा तरुण वास्तुरचनाकार होता. त्याने एका छोट्या चौकात वाळूचा हौद, लोखंडी कोलांट्यांचे दांडे आणि बसायला बाक एवढंच मांडलं. ते बघून इतर वस्त्यांतले लोक आम्हालाही हवं अशी पत्रं लिहू लागले. 1978 पर्यंत अशी सातशेहून जास्त मैदानं झाली, त्यातली कित्येक पडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागांवर. हलणारे भाग जवळपास नाहीत, म्हणून झीज कमी आणि देखभाल कमी. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिथे नगरपालिकेतल्याच माणसांनी रहिवाशांची पत्रं वाचून जागा शोधल्या.

हक्काची भाषा वापरायची असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचं कलम 31 आहे. त्यात खेळाचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. वेल्समध्ये तर 2010 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर मुलांना खेळायला पुरेशी सोय आहे का हे तपासायची जबाबदारीच टाकली. पण खरं सांगायचं तर सभागृहात कलम 31 ऐकून कुणी हललं नाही. पट्टीचा फोटो दाखवल्यावर हलले. कलम निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदात ठेवा.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो, तुम्ही विसरू नका. मैदानात येणाऱ्या मोठ्या मुलींना विचारा. व्हिएन्नाने 1990 च्या दशकात बागांचा अभ्यास केला तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात असं आढळलं. एकच मोठी जागा असली की ती मोठे मुलगे व्यापतात. मग तिथे जागा लहान-लहान भागांत विभागली, वाटांवर उजेड केला, आणि मुली परत आल्या. आमच्या शेजारच्या अकरा वर्षांच्या मुलीला मी उशिराच विचारलं, तर ती पटकन म्हणाली, "काकू, आम्हाला बसायला कुठे जागाच नाही." आमच्या त्या एका पानात बाकाची ओळ नव्हती. मग घातली.

आता तारखेचं. सभेच्या आदल्या दिवशी सदस्यांना भेटून उपयोग नाही. विषयपत्रिका निघाली की त्याच आठवड्यात भेटा, आणि उद्यान विभागाच्या अभियंत्यांना सदस्यांच्याही आधी भेटा, कारण टिप्पणी तेच लिहितात. मागणी एकाच ओळीची असू द्या. आमची अशी होती: "शिडी काढावी, उरलेली चार खेळणी दुरुस्त करावीत, आणि पुढील अंदाजपत्रकात खेळण्यांच्या तपासणी व देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे." ठराव जवळजवळ याच शब्दांत झाला. स्वतंत्र लेखाशीर्ष मात्र लगेच मिळालं नाही. त्या वर्षीचं अंदाजपत्रक आधीच मंजूर झालेलं होतं, म्हणून पुढच्या वर्षीच्या मसुद्याच्या वेळी, हरकती-सूचना मागवतात तेव्हा, पुन्हा अर्ज द्यावा लागला. तुमच्या नगरपालिकेत मसुदा कोणत्या महिन्यात तयार होतो ते आजच विचारून ठेवा. ठराव झाला आणि तरतूद नाही, असा कागद पुढच्या वर्षी पुन्हा 'धोकादायक' शेरा घेऊन येतो.

तुमच्या सभेला दोन आठवड्यांहून कमी वेळ असेल, तर कागद यायची वाट बघू नका. उद्या सकाळी पट्टी आणि फोन घेऊन मैदानात जा, आणि एका ओळीचं पत्र द्या: लेखी तपासणी अहवाल सभेपुढे येईपर्यंत विषय तहकूब ठेवावा. आम्हाला महिना नशिबाने मिळाला होता, तुम्ही तो मागून घ्या.