वाचकांचे प्रश्न : उतारावरचे न्यूट्रल आणि सिग्नलचे इंजिन

प्रश्न : कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर माझे वडील गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात आणि त्यामुळे पेट्रोल वाचते असे सांगतात. मी मात्र गाडी गिअरमध्येच उतरवतो. आमची गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी आहे. दोघांपैकी बरोबर कोण? (एक वाचक, कराड)

उत्तर : या गाडीपुरते आपले बरोबर आहे, पण वडील ज्या गाड्यांवर शिकले असतील, त्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणेही चुकीचे नव्हते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनातील हवेच्या ओढीमुळे थोडे पेट्रोल आत जातच राही, आणि उतारावर चाकांमुळे इंजिनाचे फेरे वाढले की ते अधिकच ओढले जाई. अशा वेळी न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फेऱ्यांवर आणले म्हणजे खर्च खरोखर कमी होई.

आपल्या गाडीत इंधन इंजेक्टरमधून येते आणि ते किती सोडायचे हे संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे आणि फेरे पुरेसे आहेत, असे दिसले की तो इंजेक्टर बंदच करतो, कारण इंजिन फिरते ठेवण्याचे काम तेव्हा चाकेच करत असतात. फेरे मिनिटाला हजार-बाराशेच्या आसपास उतरले की इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुन्हा सुरू होते. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, त्यामुळे इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी इंधन जाळावेच लागते. गाडीत त्या क्षणीचा अ‍ॅव्हरेज दाखवणारा पडदा असेल तर हा फरक डोळ्यांनी पाहता येईल. पाहण्याचे काम अर्थातच शेजारी बसलेल्याकडे द्यावे.

हा फरक किती, तेही पाहू. लहान पेट्रोल इंजिन एसी बंद असताना नुसते चालू राहिले तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल घेते. घाटाचा उतार वीस मिनिटांचा धरला तर हे पाव लिटर झाले. तेव्हा वाद पेट्रोलचा कमी आणि ब्रेकचा अधिक आहे, असे माझे मत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ते सतत दाबून तापले की त्यांची पकड कमी होते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट : ब्रेक दाबायला चालू इंजिनाकडून मिळणारी निर्वाताची (हवेच्या ओढीची) मदत दोन-तीनदा पेडल दाबताच संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

एक गोष्ट वडिलांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सौम्य, सरळ उतारावर गिअरमधली गाडी इंजिनाच्या रोधाने मंदावते आणि वेग राखण्यासाठी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. तेथे न्यूट्रलमधली गाडी कमी इंधनात दूर जाऊ शकते. परंतु कुंभार्लीसारख्या वळणावळणाच्या घाटाला हा हिशेब लागू नाही. तेथे ज्या गिअरमध्ये ब्रेक अधूनमधूनच लावावा लागेल, तो गिअर ठेवावा.

प्रश्न : सिग्नलला इंजिन बंद करावे का? पुन्हा चालू करताना जास्त पेट्रोल लागते असे ऐकले आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : इंजेक्शनच्या गरम इंजिनाला पुन्हा चालू होण्यासाठी जेवढे पेट्रोल लागते, तेवढे ते सुमारे दहा सेकंद उभे राहण्यात खर्च करते. म्हणून अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर बंद करणे फायद्याचे आहे. एसी चालू असेल तर बचत आणखी वाढते, मात्र त्या काळात गारवा मिळत नाही. बॅटरी जुनी झाली असेल तर वारंवार सेल्फ मारू नये. टर्बो डिझेल गाडी मोठा चढ चढून आली असेल तर ती थांबवल्यावर, तापलेला टर्बो (इंजिनात जास्त हवा भरणारा भाग) निवावा म्हणून, इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करावे.